उताराला दिलेली लेक

कोयरी नदीच्या काठी उजळगाव नावाचं एक शहर होतं आणि त्या शहराला शेषराव नावाचे एक कारभारी होते. कुणाला आपल्या घोड्याचा अभिमान असतो, कुणाला आपल्या मिशांचा. शेषरावांना आपल्या गटाराचा अभिमान होता. हसू नका. गटार खरोखरच तसं होतं.

शेषराव कारभारी होण्याआधी उजळगावात जिकडेतिकडे चिखल असायचा. याच्या मोरीचं पाणी त्याच्या उंबऱ्याशी आणि त्यावरून रोज सकाळी भांडणं. शेषरावांनी शहराच्या पोटातून माणूस वाकून चालेल एवढं दगडी गटार बांधून काढलं. मोऱ्यांचं, गोठ्यांचं, संडासांचं पाणी त्यात सोडलं. छपरांच्या पन्हळींचं आणि रस्त्यांवरचं पावसाचं पाणीही त्यातच सोडलं. एकदा जमीन उकरायचीच आहे, तर एकाच खणण्यात दोन्ही कामं उरकावीत, असा त्यांचा साधा विचार. शहराबाहेर एक मोठं तळं केलं. हिवाळ्या-उन्हाळ्यात गटाराचं पाणी संथपणे तिथे यायचं, गाळ तळाशी बसायचा आणि वरचं पाणी मळ्यांना जायचं.

पावसाळ्याची तऱ्हा वेगळी होती. आभाळाचं पाणी आणि मोरीचं पाणी त्या एका गटारात शिरून असं उसळायचं, की तळं बघता बघता भरून वाहू लागायचं. वर्षभराचा गाळसुद्धा ढवळून निघायचा आणि सगळा लोंढा थेट नदीत जायचा. शहर मात्र लख्ख व्हायचं. रस्त्यांच्या फरशा चकाकायच्या. लोक कौतुकाने म्हणायचे, "पाऊस आला की उजळगाव न्हातं." शेषराव छत्री घेऊन गटाराच्या झाकणाशी उभे राहायचे आणि आतला खळाळ भजन ऐकावं तसा मान डोलवत ऐकायचे.

हे पाणी जातं कुठे, असं एखाद्या परगावच्या पाहुण्याने विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं. "कुठे म्हणजे? खाली!" पाणी खाली जाणार नाही तर काय वर जाणार? पाहुणाही मग गप्प बसायचा.

शेषरावांना एकुलती एक लेक होती, वेणू. ती लग्नाची झाली तेव्हा त्यांनी तिला नदीच्या खालच्या अंगाला, निवळे गावात दिली. उजळगावची रीतच तशी होती. 'लेक द्यावी उताराला, सून आणावी चढावरून' असं तिथली म्हातारी माणसं म्हणत. लेकीची वाट नदीच्या सोबतीने जावी, म्हणजे तिला एकटं वाटत नाही, अशी त्यामागची माया होती.

वेणूला भाऊ नव्हता. म्हणून नागपंचमीला तिला माहेरी आणायला शेषराव स्वतः गाडी जुंपून जायचे. अर्ध्या दिवसाची वाट. नदी सोबतीला असायची, पण झाडीआड. निवळ्याला पोचून ओट्यावर टेकलं, की ते उपरण्याने वारा घेत म्हणायचे, "विहीणबाई, जरा पाणी द्या." आणि विहीणबाई, म्हणजे वेणूच्या सासूबाई सगुणाबाई, लगबगीने आत जाऊन पितळी फुलपात्र भरून ताक आणायच्या. कधी ताक, कधी दूध, कधी शहाळं. पाणी कधीच नाही.

शेषराव घरी येऊन बायकोला मोठ्या ऐटीत सांगायचे, "आपली पोर दुधातुपाच्या घरी पडली हो! पाणी मागावं तर ताक पुढे येतं. असं आतिथ्य उजळगावातसुद्धा नाही."

वेणू माहेरी आली की आधी तांब्याभर पाणी प्यायची. मग आणखी एक तांब्या. तिची आई अनसूयाबाई चेष्टा करायची, "सासरी पाण्याला कुलूप लावतात की काय गं?" वेणू पदराने तोंड पुसायची आणि हसून म्हणायची, "माहेरचं पाणी गोडच असतं, आई." शेषरावांना या उत्तराने भरून यायचं. लेक लग्न होऊन गेली तरी बापाच्या घराची गोडी विसरली नाही, असं त्यांना वाटायचं.

पुढे वेणूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून ती उजळगावी आली. ऐन चैत्रात तिला मुलगी झाली. नाकाडोळ्यांनी आजीसारखी आणि रडायला लागली की आवाजाने आजोबांसारखी. शेषरावांचं कारभारात लक्ष लागेना. उठल्यासुटल्या ते पाळण्याशी जाऊन बसायचे आणि तिच्या मुठीत आपलं बोट द्यायचे.

पण बाळंतीण किती दिवस माहेरी राहणार? आषाढ लागला. पाऊस सुरू झाला. शेजारणी विचारू लागल्या, "वेणू सासरी कधी जाणार?" आणि वेणू काहीतरी निमित्त काढू लागली. आधी बाळाला पडसं होतं. मग अमावास्या आडवी आली. मग म्हणाली, पाऊस फार आहे. आईने जवळ घेऊन विचारलं, तर ती नुसतीच रडली. निवळ्याहून निरोप आला तोही असाच. "सावकाश पाठवा. पावसाळा सरू द्या."

हा निरोप ऐकून शेषरावांचं टाळकं सणकलं. ते गरजले, "नातीचं तोंड बघायची घाई नाही यांना? मुलगा झाला असता तर वाजतगाजत न्यायला आले असते! मुलगी झाली म्हणून पावसाळा सरू द्या काय?"

"आबा, तसं नाही हो," वेणू म्हणाली.

"मग कसं आहे?"

वेणूने मान खाली घातली. शेषरावांचा संशय पक्का झाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी भर पावसात गाडी जुंपली. वेशीजवळ रंगारी आळीत रंगाऱ्यांनी उरलेला लाल रंग गटारात ओतायला घेतला होता. पाऊस असला की ओतायला बरं पडतं, लगेच वाहून जातं. रंगाऱ्यांनी कारभाऱ्यांना रामराम केला. पण कारभाऱ्यांचं लक्ष कुठे होतं? ते मनातल्या मनात व्याह्यांशी भांडत होते.

दुपारी ते निवळ्याला पोचले. ओट्यावर बसले, पण पगडी काढली नाही. सगुणाबाई नेहमीप्रमाणे दूध घेऊन आल्या.

"दूध नको," शेषराव म्हणाले. "पाणी द्या. नुसतं साधं पाणी. मुलगी झाली म्हणून मुलीच्या बापाला तेवढंही मिळणार नसेल, तर तसं तोंडावर सांगा."

सगुणाबाई दुधाचं भांडं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. तेव्हा शेषरावांनी रागाने कोनाड्यातला तांब्या उचलला आणि ते स्वतःच नदीकडे निघाले. सगुणाबाई भांडं खाली ठेवून त्यांच्या मागे धावल्या.

घाटाच्या पायऱ्यांवर शेषराव थबकले. नदी काळी झाली होती. काठाला फेस साठला होता आणि वास असा, की उपरणं नाकाला लावावं लागलं. चिंध्या, कुजक्या पत्रावळी, गोठ्यातला उकिरडा, नको नको ते वाहत येत होतं. आणि त्या काळ्या पाण्याच्या कडेने एक लालभडक पट्टा पायरीपर्यंत आला होता. तो रंग शेषरावांनी सकाळीच पाहिला होता. तो कुठून निघाला आणि कोणत्या वाटेने इथवर आला, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ती वाट त्यांनीच बांधली होती.

"पाव्हणं, त्यो तांब्या ठिवा खाली," सगुणाबाई हळूच म्हणाल्या. "ते पानी ओठाला लावू नगा."

"कधीपासून असं येतं?"

"तुमचं गटार झाल्यापासनं. पर ह्ये पावसाळ्यातच बगा. उन्हाळ्यात आला असता, तर चांगलं पानी दिलं असतं तुमास्नी. तुमी येता दरसाल श्रावनात. मग ताक देती मी. पाव्हन्याला पानी द्यायची लाज वाटती."

"मग तुम्ही काय पिता?"

"डोंगराच्या अंगाला एक झरा हाय. तितनं मिळंल ती घागर आनायची. न्हाई मिळाली, तर हेच गाळून, उकळून."

शेषराव कसेबसे म्हणाले, "मला सांगायचं होतंत."

"काय सांगू? सुनंच्या बापाला म्हनू, तुमची घान आमच्या हंड्यात येती?" सगुणाबाईंचे डोळे भरून आले. "वेणूनं तर शपथ घातली हुती. म्हनली, आबांचा जीव हाय त्या गटारात, त्यास्नी कळू देऊ नगा. आन् नातीचं म्हनाल, तर पाळना कवाधरनं बांधून ठिवलाय. पर तान्ह्या जीवाला ह्या पान्यानं न्हाऊ कसं घालू? म्हनून म्हटलं, पावसाळा सरू द्या. त्यात ल्योक-लेकीचं काय बी न्हाई वो."

शेषरावांनी पायरीवरच बसकण मारली. आयुष्यात प्रथमच त्यांना पगडीचं ओझं झालं.

परतीच्या वाटेवर त्यांच्या मनाने एक पळवाट शोधून काढली. मन हे फार हुशार असतं, त्याला अशा वाटा पटकन सापडतात. घरी पोचताच ते वेणूला म्हणाले, "सगळं कळलं मला. काळजी करू नकोस. तुझ्या सासरच्या परसात मी विहीर खणून देतो. दगडांनी बांधलेली, गोड्या पाण्याची. तुला आणि बाळाला नदीचं तोंड बघायला नको."

म्हणजे गटारही राहील, नावही राहील आणि नातही सुखरूप राहील. यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं. म्हणूनच तर ते अवघड होतं.

वेणूने बाळाला खांद्यावर घेतलं आणि थोपटत थोपटत म्हणाली, "आबा, आमच्या शेजारची जना तुम्हाला आठवते ना? आपल्या भागाक्कांची लेक. गेल्या पावसाळ्यात तिचं बाळ हगवणीने गेलं. एवढंसं होतं. माझ्याच मांडीवर गेलं. तुम्ही खणाल त्या विहिरीतून मी पाणी शेंदेन, तेव्हा जना तिच्या दारात उभी असेल. मी तिच्याकडे कशी बघू?"

बाळाने आजोबांना ओळखून मूठ पुढे केली. त्यांनी बोट दिलं नाही. ते उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी देवळाच्या मंडपात गावसभा बोलावली. बाया-माणसं सगळी जमली. शेषराव म्हणाले, "मी पावसाचं पाणी आणि मोरीचं पाणी यांची सोयरीक जमवली. ती सोयरीक जमणारी नव्हती. दोघं एकत्र आली की कुणीच आवरत नाही, आणि सगळा लोंढा खाली निवळ्याच्या घाटाला लागतो. आता रस्ते पुन्हा उकरून त्यांची काडीमोड करायला हवी."

लोक हसले. मग कारभारी खरंच बोलताहेत हे लक्षात येऊन त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. धान्याचे व्यापारी बाळशेट उठून म्हणाले, "कारभारी, तुमच्या कृपेने आमचं सगळं छान चाललंय. निवळेकरांना त्रास होत असेल तर त्यांनी विहिरी खणाव्यात. आता नदीला काय आपण उलटं वाहायला सांगायचं?"

पुष्कळांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागच्या खांबाला टेकून बसलेल्या भागाक्का उठल्या. केस पांढरे झालेले, हाताला कंप. त्या शेषरावांच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"कारभारी, निवळ्याची नदी म्हणजे माझी जना जिथून पाणी आणते तीच ना? तिचं बाळ गेलं. मी म्हटलं, देवाची इच्छा. म्हणजे ते आपलं पाणी होतं?"

शेषरावांना सांगण्यासारखं बरंच होतं. मुलं दगावतातच, नदीत काय दहा गावांचं पाणी येतं, नक्की कुणी सांगावं. त्यांनी भागाक्कांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि पगडी काढून त्यांच्या पायाशी ठेवली.

"होय भागाक्का. आपलंच पाणी होतं. माझ्या गटाराचं."

भागाक्का कितीतरी वेळ त्या पगडीकडे बघत राहिल्या. बघणाऱ्यांना वाटलं, आता ही म्हातारी शिव्याशाप देणार. पण त्या वाकल्या, पगडी उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि शेषरावांच्या हातात दिली.

"मग खणा," त्या म्हणाल्या. "आधी माझ्या दारापासून खणा."

मग बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. एक म्हणाली, "आमची सरू उंबऱ्यातच पाणी मागते, पाय धुवायलासुद्धा थांबत नाही." दुसरी म्हणाली, "आमची मंजी जाताना कळशी भरून नेते. मी तिला वेडी म्हणायचे." तिसरी रडू लागली. उजळगावात असं एक घर नव्हतं, ज्याची लेक, बहीण किंवा भाची उताराला दिली नव्हती. साऱ्या शहराने आपली घाण नेमकी आपल्या लेकींच्या हंड्यात ओतली होती आणि वर म्हटलं होतं, उजळगाव न्हातं. बाळशेट खाली बसले. त्यांच्या दोन्ही मुली निवळ्याच्या पलीकडे दिलेल्या होत्या.

पाऊस ओसरल्यावर, नदी निवळल्यावर वेणू बाळाला घेऊन सासरी गेली. पण पुढचा पावसाळा येणारच होता, आणि त्याच्या आत काम उरकायचं होतं.

उजळगावचे रस्ते फाडले गेले. जुनं गटार फक्त मोऱ्यांसाठी, गोठ्यांसाठी, संडासांसाठी ठेवलं. पावसाच्या पाण्यासाठी रस्त्याच्या कडेने वेगळा, उघडा, दगडी पाट काढला आणि पालापाचोळा अडवायला जागोजागी जाळ्या बसवल्या. तळं एक होतं तिथे एकाखाली एक अशी बरीच तळी केली. पहिल्यात गाळ बसायचा. पुढच्या तळ्यांच्या कडेने कर्दळ आणि अळू लावलं, पाणी त्यांच्या मुळांतून झिरपत मळ्यात जायचं. ही कल्पना ऐकून अनसूयाबाईंनी नवऱ्याला सोडलं नाही. "माझ्या परसात मोरीच्या पाण्यावर अळू होतं, ते मोडून तुम्हीच गटार काढलंत. आता अख्ख्या शहराला अळू लावताय. निदान फतफतं तरी करता येईल!" शेषराव म्हणाले, "बोल, बोल. ऐकून घ्यायचेच दिवस आहेत माझे."

आणि त्यांना खरोखरच फार ऐकून घ्यावं लागलं. धुळीने लोक खोकू लागले. गाड्या खड्ड्यांत रुतल्या. उजळगावला शेजारची गावं उकीरगाव म्हणू लागली. रंगारी आळीने रंगाचं पाणी मुरवायला स्वतःचे हौद बांधले, पण बांधताना कारभाऱ्यांचा उद्धार केल्याशिवाय एक दगड लावला नाही. शेषराव रोज खणणाऱ्यांबरोबर उन्हात उभे राहायचे. कामाचा वेग कमी झाला की भागाक्का काठी टेकत यायच्या आणि चर खणला जायचा तिथे मुकाट्याने येऊन बसायच्या. मग कुदळी आपोआप जोरात चालू लागायच्या.

पावसाळा आला. या खेपेला उजळगाव काही लख्ख झालं नाही. पाचोळा जाळ्यांत अडकला, तो हाताने काढावा लागला. आयती आंघोळ मिळणं बंद झालं, रस्ते रोज झाडावे लागले. पण पावसाचं पाणी पावसाच्या वाटेने गेलं आणि तळी फुटली नाहीत.

पंचमी जवळ आली तशी शेषरावांनी गाडी जुंपली. निवळ्याला पोचले, तेव्हा दारातल्या दगडावर वेणू मुलीला न्हाऊ घालत होती. शेजारी नदीच्या पाण्याने भरलेलं घंगाळ होतं. पाणी गढूळ होतं. पावसाळ्यातली नदी गढूळच असते. पण तो निव्वळ मातीचा रंग होता, तुरटी फिरवली की निवळणारा. पोरगी घंगाळात हात बुडवायची, ओंजळ तोंडाला लावायची आणि खिदळायची. वेणू तिचा हात धरत नव्हती. तिचं तिकडे लक्षही नव्हतं. ती पलीकडच्या दारातल्या जनाशी गप्पा मारत होती, आणि जनाला पुन्हा दिवस गेले होते.

"चल, आवर," शेषराव म्हणाले. "आई वाट बघतेय."

वेणूने मुलीला पंच्यात गुंडाळलं आणि जरा लाजून म्हणाली, "आबा, रागावू नका. यंदा मी पंचमीला नाही येत. दिवाळीला येईन. जनाला आता सोबत हवी. आणि खरं सांगू? यंदा इथून पाय निघत नाही माझा."

शेषरावांनी खूप आग्रह करून पाहिला. मग नाद सोडला. पाच वर्षं ही पोर पंचमीची वाट बघायची, ती बापाच्या ओढीने, असं ते समजत होते. ओढ होतीच. पण आज पहिल्यांदाच ती सासरच्या अंगणात घरच्यासारखी बसली होती.

संध्याकाळी गाडी रिकामीच उजळगावात शिरली. वेशीवर लोकांनी विचारलं, "कारभारी, लेक कुठंय?"

"आली नाही," शेषराव म्हणाले. आणि लेक माहेरी आली नाही म्हणून आनंदाने रडणारा बाप उजळगावाने त्या दिवशी पाहिला.

तात्पर्य: आपल्या दारातून उताराला गेलेलं पाणी कुणाच्या तरी लेकराच्या ओंजळीत पोचतंच, म्हणून पावसाच्या पाण्याला त्याची वाट द्यावी, सांडपाण्याला त्याची, आणि नदीत तेवढंच सोडावं, जे आपल्या लेकीला प्यायला देताना हात मागे येणार नाही.